‘वाट पाहणे’ इंग्रजीत कसे सांगावे?

अर्जातील सारा मजकूर बिनचूक असतो, शिक्षण आणि अनुभव व्यवस्थित मांडलेले असतात, आणि शेवटच्या ओळीत मात्र काहीतरी बिनसते. परदेशी विद्यापीठात संशोधनासाठी जागा मागणारा विद्यार्थी असो वा एखाद्या कंपनीकडे नोकरीसाठी अर्ज करणारी पदवीधर तरुणी असो, पत्राचा समारोप पुष्कळदा एकाच वाक्याने होतो : ‘आय ॲम एक्स्पेक्टिंग युअर पॉझिटिव्ह रिप्लाय ॲट दि अर्लिएस्ट’. लिहिणाऱ्याच्या मनात एक नम्र मराठी वाक्य असते, ‘आपल्या अनुकूल उत्तराची अपेक्षा आहे’. वाचणाऱ्यापर्यंत पोहोचते ते वेगळेच : ‘होकार मिळणार हे मी धरून चाललो आहे, तेव्हा तो लवकर कळवा’. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात फारसे चुकलेले नाही. चूक झाली आहे ती क्रियापदाच्या निवडीत, आणि ती नेमकी अशा ठिकाणी झाली आहे जेथे समोरच्या व्यक्तीच्या मनात अर्जदाराविषयी अखेरचे मत तयार होत असते.

या वाक्यातील शेवटच्या शब्दांनाही एक छुपा फाटा आहे. भारतीय इंग्रजीत ‘ॲट दि अर्लिएस्ट’ म्हणजे ‘शक्य तितक्या लवकर’. ब्रिटन किंवा अमेरिकेतील वाचक मात्र त्याचा अर्थ ‘त्याआधी नाही’ असा घेतो. ‘मंडे ॲट दि अर्लिएस्ट’ म्हणजे ‘लवकरात लवकर म्हटले तरी सोमवार उजाडेल’. आपण घाई व्यक्त करण्यासाठी वापरलेले शब्द तेथे उलट मुदत पुढे ढकलतात. घाई सांगायचीच असेल तर ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ हा सरळ प्रयोग आहे, आणि थोडा अदबशीर हवा असेल तर ‘ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स’. अर्थात आपण ज्याच्याकडे काही मागत आहोत त्याला घाई करू नये, हे शहाणपण कोणत्याही भाषेत सारखेच.

मुळात घोटाळा होतो तो आपल्या भाषेच्या सुबत्तेमुळे नव्हे, तर तिच्या काटकसरीमुळे. ‘वाट पाहणे’ हा एकच वाक्प्रचार मराठीत कितीतरी कामे करतो. बसची वाट पाहिली जाते, निकालाची, पावसाची, परगावी गेलेल्या मुलाच्या खुशालीची, आणि पाहुणे एकदाचे निघतात कधी याचीही. त्यात आनंद आहे की कंटाळा, खात्री आहे की नुसती आशा, हे सांगण्याचे काम आपण आवाजावर किंवा संदर्भावर सोपवतो. इंग्रजीत ही मोकळीक कमी आहे. तेथे वाक्य सुरू करण्यापूर्वीच मनाशी काही गोष्टी ठरवाव्या लागतात : येणारी गोष्ट आपल्याला हवी आहे की नको, ती येणार याची खात्री कितपत आहे, आणि ती येईपर्यंत आपण नुसते बसून राहणार आहोत की काही तयारी करणार आहोत. क्रियापद निवडले की ही सारी उत्तरे आपोआप दिली जातात, मग ती आपल्या मनात असोत वा नसोत.

गंमत अशी की दोन्ही भाषांत या शब्दांच्या मुळाशी डोळेच आहेत. ‘वाट पाहणे’ म्हणजे येणाऱ्याच्या रस्त्याकडे पाहत राहणे. ‘प्रतीक्षा’ आणि ‘अपेक्षा’ हे दोन्ही शब्द संस्कृतातील ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या धातूपासून आले. तिकडे ‘एक्स्पेक्ट’ हा शब्द लॅटिनमधील ‘बाहेर डोकावून पाहणे’ या अर्थाच्या शब्दापासून निघाला, ‘वेट’चा मूळ अर्थ टेहळणी करणे असा होता, आणि ‘लुक फॉरवर्ड’मध्ये तर पाहणे उघडच आहे. दोन्हीकडची माणसे दारात उभी राहून रस्त्याकडेच पाहत होती. पुढे मात्र इंग्रजीने प्रत्येक नजरेला वेगळे नाव दिले.

‘टू’नंतर काय यावे?

पत्रव्यवहारात सर्वाधिक उपयोगी पडणारा आणि सर्वाधिक चुकणारा प्रयोग म्हणजे ‘लुक फॉरवर्ड टू’. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ असे लिहिले जाते. बरोबर रूप ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ असे आहे. ही चूक निष्काळजीपणाची नाही. शाळेत आपल्याला ‘टू’ आले की त्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप येते असे शिकवले जाते, आणि ‘आय वाँट टू मीट यू’, ‘आय होप टू मीट यू’ या वाक्यांत ते खरेही आहे. पण ‘लुक फॉरवर्ड टू’मधील ‘टू’ हा क्रियापदाचा सोबती नसून दिशा दाखवणारा शब्द आहे, आपल्या ‘कडे’सारखा. मराठीत आपण ‘भेटीकडे डोळे लावून बसलो आहे’ असे म्हणतो. ‘भेटतोकडे’ किंवा ‘भेटूकडे’ असे कोणी म्हणत नाही, कारण ‘कडे’च्या आधी नामच हवे हे आपल्या कानाला उपजत ठाऊक असते. इंग्रजीतील ‘मीटिंग’, ‘हिअरिंग’, ‘वर्किंग’ ही रूपे येथे नामाचे काम करतात.

शंका आली तर एक सोपी कसोटी आहे. ‘टू’नंतर क्रियापदाऐवजी एखादे साधे नाम ठेवून पाहावे. ‘आय लुक फॉरवर्ड टू दि इंटरव्ह्यू’ हे वाक्य चालते, म्हणून येथे ‘-इंग’ रूप हवे. ‘आय वाँट टू दि इंटरव्ह्यू’ चालत नाही, म्हणून तेथे मूळ रूप. हीच कसोटी रात्रपाळीची सवय सांगणाऱ्या ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट’ या वाक्यालाही लागू पडते.

या प्रयोगाच्या तीन पायऱ्या आहेत, आणि कोणाला लिहितो आहोत त्यावर पायरी ठरते. ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ हे औपचारिक, अर्जाला शोभणारे वाक्य. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू’ यात थोडी ऊब आहे, ओळखीच्या माणसाला ते बरे वाटते. कर्ताच गाळून नुसते ‘लुकिंग फॉरवर्ड टू इट’ लिहिणे हे सहकाऱ्यांमधले. हल्ली ई-मेल लिहिताना संगणक स्वतःहून समारोपाची ओळ सुचवतो. ती बहुधा व्याकरणशुद्ध असते, पण समोरची व्यक्ती विभागप्रमुख आहे की कालचा वर्गमित्र, याचा निवाडा लिहिणाऱ्यालाच करावा लागतो.

आणखी एक बाब. ‘लुक फॉरवर्ड’मध्ये आनंद गृहीत आहे. म्हणून वरिष्ठाने कनिष्ठाला ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर एक्स्प्लनेशन’ असे लिहिले, तर त्यात गोडवा शोधू नये. ती शालजोडीतली असते.

थांबणे, खोळंबणे आणि धीर सुटणे

‘वेट’ आणि ‘अवेट’ यांचा अर्थ जवळपास एकच, पण एकाला ‘फॉर’ हवा, दुसऱ्याला तो चालत नाही. ‘आय ॲम वेटिंग फॉर युअर रिप्लाय’ बरोबर, ‘आय अवेट युअर रिप्लाय’ही बरोबर. दोहोंची सरमिसळ होऊन तयार झालेले ‘अवेटिंग फॉर युअर रिप्लाय’ हे मात्र कोठेच बसत नाही, तरी आपल्याकडील कार्यालयीन पत्रांत ते सुखाने नांदते. शिवाय ‘अवेट’ हा शब्द थोडा भारदस्त आहे. मित्राची बसथांब्यावर वाट पाहताना कोणी ‘अवेट’ करत नाही. निकाल, निर्णय, मंजुरी यांच्यासाठी तो राखून ठेवावा.

काळाच्या बाबतीत मराठी माणूस हमखास अडखळतो, आणि त्यालाही कारण आहे. ‘मी सकाळपासून वाट पाहतो आहे’ हे मराठी वाक्य शुद्ध वर्तमानकाळात आहे. ते जसेच्या तसे नेले की ‘आय ॲम वेटिंग सिन्स मॉर्निंग’ तयार होते. इंग्रजीला मात्र सकाळी सुरू होऊन आत्तापर्यंत चालू असलेल्या क्रियेसाठी ‘आय हॅव बीन वेटिंग सिन्स मॉर्निंग’ असे रूप लागते. त्यातही सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’ आणि कालावधी सांगायचा तर ‘फॉर’. म्हणून ‘सिन्स टू अवर्स’ चूक आणि ‘फॉर टू अवर्स’ बरोबर.

याहून सूक्ष्म अडचण ‘तोपर्यंत’ची आहे. ‘तुम्ही येत नाही तोपर्यंत मी थांबतो’ असे आपण म्हणतो, आणि त्यातील नकार आपल्याला खटकतही नाही. त्याचे ‘आय विल वेट अंटिल यू डोन्ट कम’ असे भाषांतर केले की अर्थाचा पार विचका होतो, कारण ‘अंटिल’च्या पोटात तो नकार आधीच बसलेला आहे. ‘आय विल वेट अंटिल यू कम’ एवढे पुरते. भविष्यकाळाची खूणही येथे एकदाच येते : ‘व्हेन यू विल कम’ नव्हे, ‘व्हेन यू कम’. मराठीत ‘तू आलास की’ असे म्हणताना आपणही भविष्यातल्या गोष्टीसाठी भूतकाळच वापरतो, तेव्हा इंग्रजीच्या या लहरीवर हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

‘आय कान्ट वेट’ हा प्रयोग शब्दशः घेतला तर ‘मी थांबू शकत नाही’ असा होतो, आणि तो उद्धट वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘कधी एकदा तो दिवस उजाडतो असे झाले आहे’ असा आनंदाचा आहे. ‘आय कान्ट वेट टू सी यू’ असे बहिणीने भावाला लिहावे, मित्राने मित्राला लिहावे. येथील ‘टू’ हा क्रियापदाचा आहे, त्यामुळे ‘सी’ हे मूळ रूप योग्य. पण तोंडी मुलाखतीला बोलावलेल्या उमेदवाराने मंडळाला ‘आय कान्ट वेट’ कळवणे हे थोडे अघळपघळ होईल. आणि खरोखरच थांबायला वेळ नसेल, तर ‘आय ॲम सॉरी, आय हॅव टू लीव्ह’ असे सरळ सांगितलेले बरे.

आशा आणि अपेक्षा

सुरुवातीच्या वाक्यातील ‘एक्स्पेक्ट’कडे आता पुन्हा वळू. मराठीतील ‘अपेक्षा’ मवाळ आहे. ती आशेच्या जवळ जाते, विनंतीचेही काम करते. इंग्रजी ‘एक्स्पेक्ट’ दोन गोष्टी सांगते. एक, असे घडणार याची मला बरीच खात्री आहे. दोन, व्यक्तीच्या बाबतीत वापरले तर, तसे घडावे हा माझा हक्क आहे. ‘आय एक्स्पेक्ट यू टू बी ऑन टाइम’ हे मुख्याध्यापकांच्या तोंडी शोभते, कारण ती सूचना नसून आज्ञा आहे. म्हणून ज्याच्याकडून आपण काही मागत आहोत त्याच्याविषयी हे क्रियापद टाळावे. त्याच्यापुढे ‘अ पॉझिटिव्ह रिप्लाय’ जोडले तर नकार देण्याची त्याची मोकळीकही आपण काढून घेतल्यासारखे होते. कर्म न जोडता स्त्रीविषयी ‘शी इज एक्स्पेक्टिंग’ म्हटले तर तिला दिवस गेले आहेत असा अर्थ होतो, हेही जाता जाता लक्षात ठेवलेले बरे.

‘होप’मध्ये इच्छा आहे, हक्क नाही. खात्री तर मुळीच नाही. ‘आय होप टू हिअर फ्रॉम यू’ हे नम्र आहे, आणि मराठीतील ‘उत्तराची अपेक्षा आहे’ याच्या खऱ्या भावाला तेच अधिक जवळचे आहे. ‘विश’ आणखी वेगळा. नुसते नाम जोडले तर ती शुभेच्छा होते, ‘आय विश यू सक्सेस’. पण त्यापुढे पूर्ण वाक्य आले की त्यात हळहळ शिरते. ‘आय विश ही वुड कम’ म्हणजे ‘आला असता तर किती बरे झाले असते, पण लक्षण दिसत नाही’. म्हणून परीक्षेला निघालेल्या मुलाला ‘आय विश यू विल पास’ असे म्हणू नये. ‘आय होप यू पास’ म्हणावे. आणि नको असलेल्या गोष्टीसाठी ‘होप’ चालत नाही, तेथे ‘आय ॲम अफ्रेड’ येते. ‘आय ॲम अफ्रेड ही इज नॉट कमिंग’ यात भीती कसलीच नाही, वाईट बातमी सौम्यपणे देण्याची ती रीत आहे.

पाऊस एक, क्रियापदे अनेक

हे सारे भेद एकाच उदाहरणात पाहायचे असतील तर मे महिन्याच्या अखेरची मुंबई डोळ्यांपुढे आणावी. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकानुसार मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख केरळात १ जून आणि मुंबईत ११ जून अशी आहे. म्हणजे वेळापत्रकाच्या भाषेत तो ११ तारखेला ‘ड्यू’ आहे. गाडीच्या बाबतीतही हाच शब्द वापरतात, आणि गाडीप्रमाणेच ‘ड्यू’ असणे म्हणजे येणे नव्हे. ढगांची हालचाल पाहून हवामानतज्ज्ञ तो अमुक दिवशी येईल असे ‘एक्स्पेक्ट’ करतात, म्हणजे पुराव्यावर आधारलेला अंदाज देतात. उकाड्याने हैराण झालेले नागरिक त्याच्याकडे ‘लुक फॉरवर्ड’ करतात. पेरणीसाठी शेत तयार करून बसलेला शेतकरी त्यासाठी ‘अँक्शस’ असतो, कारण त्याच्या वाट पाहण्यात काळजी मिसळलेली आहे. केवळ आनंदाची उत्सुकता असती तर ‘ईगर’ म्हटले असते. सखल भागात राहणारे कुटुंब त्याच पावसाला ‘ड्रेड’ करते. आणि नालेसफाईची कामे उरकू पाहणारी महापालिका पावसाला ‘अँटिसिपेट’ करते.

‘अँटिसिपेट’ म्हणजे नुसते अपेक्षिणे नव्हे. लॅटिनमधील ‘आधी’ आणि ‘घेणे’ या दोन शब्दांपासून तो बनला आहे. पुढे काय येणार हे ओळखून आधीच हातपाय हलवणे हा त्याचा खरा गाभा. फलंदाजाची हालचाल पाहून चेंडू सुटण्याआधीच डावीकडे सरकणारा क्षेत्ररक्षक अँटिसिपेट करतो, प्रेक्षक फक्त एक्स्पेक्ट करतात. आज बोलीत हा शब्द सर्रास ‘एक्स्पेक्ट’च्या जागी वापरला जातो आणि शब्दकोशांनीही ते मान्य केले आहे. तरीही ज्याला नेमके लिहायचे आहे त्याने हा भेद पाळावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दोन हत्यारे असताना एकच वापरून बोथट का करावे?

हा शब्द भारतातील वृत्तपत्रवाचकांच्या ओळखीचा झाला तो मात्र व्याकरणामुळे नव्हे, न्यायालयांमुळे. ‘अँटिसिपेटरी बेल’ची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ४३८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ने घेतली असून तेथे ही तरतूद कलम ४८२ मध्ये आहे. विशेष असे की कलम ४३८ मध्ये ‘अँटिसिपेटरी’ हा शब्दच नव्हता. त्याच्या शीर्षकात ‘अप्रिहेंडिंग अरेस्ट’ असे शब्द होते, म्हणजे अटकेची धास्ती असणे. ‘अप्रिहेंड’ या क्रियापदाचा अर्थ धास्ती घेणे असाही होतो आणि पकडणे असाही, त्यामुळे या शीर्षकात भीती आणि पोलीस जणू एकाच शब्दात उभे आहेत. बालचंद जैन विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७६ मधील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘अँटिसिपेटरी बेल’ हे नावच अयथार्थ असल्याचे म्हटले होते, कारण जामीन प्रत्यक्षात लागू होतो तो अटक झाल्यावरच. आधी मिळतो तो केवळ आदेश. मराठीने ‘अटकपूर्व जामीन’ असा प्रतिशब्द घेतला. त्यात धास्तीही नाही आणि अपेक्षाही नाही, केवळ काळाचा क्रम आहे. मराठी परिभाषेवर टीका करण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण हा शब्द चांगला जमला आहे.

याच घराण्यातील ‘थँकिंग यू इन अँटिसिपेशन’ ही ओळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शाळेतील पत्रलेखनात घोकून घेतली गेली. प्रस्तुत लेखकानेही रजेच्या अर्जाखाली ती इमानाने लिहिली आहे. तिचा शब्दशः अर्थ ‘आपण काम करालच, म्हणून आभार आधीच’. म्हणजे येथेही नकाराची वाट बंद केलेली. जुन्या कार्यालयीन इंग्रजीत ते शिष्टाचाराला धरून होते. आज ते काहींना जुनाट, तर काहींना गृहीत धरल्यासारखे वाटते. ‘थँक यू फॉर युअर टाइम’ किंवा ‘थँक यू फॉर कन्सिडरिंग माय ॲप्लिकेशन’ यांत जे खरोखर घडले किंवा घडत आहे त्याचेच आभार आहेत.

म्हणींच्या प्रदेशात मात्र दोन्ही भाषा पुन्हा एकमेकींच्या जवळ येतात. पूर्वी विणलेले लोकरी कापड धुतल्यावर आटू नये म्हणून लाकडी चौकटीवर ताणून आकड्यांना अडकवत. त्या आकड्यांना ‘टेंटरहुक्स’ म्हणत, आणि त्यावरून जीव ताणला जाण्यासाठी ‘ऑन टेंटरहुक्स’ आले. आपला ‘जीव टांगणीला लागतो’, तो याच जातीचा. पुष्कळ जण ‘टेंडरहुक्स’ म्हणतात, ते चूक. ‘विथ बेटेड ब्रेथ’ म्हणजे श्वास रोखून. येथील ‘बेटेड’ हे ‘अबेट’ म्हणजे कमी होणे या शब्दाचे आखूड रूप आहे, गळाला लावतात त्या आमिषाशी त्याचा संबंध नाही. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ या नाटकात शायलॉकच्या तोंडी हा प्रयोग आहे, पण तेथे त्यात उत्सुकता नसून लाचार नम्रता आहे. उत्सुकतेचा अर्थ त्याला नंतर चिकटला. ‘बटरफ्लाइज इन दि स्टमक’ म्हणजे आपल्या पोटातली बाकबूक. आणि अंडी उबण्यापूर्वी पिल्ले मोजू नयेत असे इंग्रज सांगतो, तेव्हा आपल्याला बाजारातल्या तुरी आणि मार खाणारी भटीण आठवल्याशिवाय राहत नाही.

पत्र पाठवून झाल्यावर उत्तराची भाषा वाचतानाही हे ज्ञान कामी येते. ‘वुई लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ असे आले तर बोलावणे आहे असे समजून तयारीला लागावे. ‘वुई होप टू गेट बॅक टू यू’ यात बांधिलकी नाही, सद्भावना आहे. ‘वुई विल बी इन टच’ हे ऐकायला आश्वासन वाटते, पण त्यात तारीख नसेल तर दुसरीकडे अर्ज करणे थांबवू नये. आणि एखादा अनुभवी मित्र त्यावर ‘डोन्ट होल्ड युअर ब्रेथ’ म्हणाला, तर तो प्राणायामाविषयी बोलत नसतो. उत्तर लवकर येण्याची चिन्हे नाहीत, एवढेच त्याला सांगायचे असते.